नेमका क्षण

भाद्रपद उतरणीला लागला होता. वैनगंगेच्या काठच्या त्या लहानशा गावाभोवती, जिकडे पाहावे तिकडे, धानाच्या बांध्या हिरव्यागार पसरल्या होत्या. बांध्यांतून घोटाभर पाणी साचले होते आणि त्यात आकाशातील विरळ ढगांची प्रतिबिंबे संथपणे सरकत होती. भंडारा जिल्ह्यात या दिवसांत पाणी आणि धान यांखेरीज दुसरे काही दिसतच नाही, असे म्हटले तरी चालेल. अशाच एका बांधीच्या कोपऱ्यात एक पांढराशुभ्र बगळा एकटाच उभा होता. आणि त्याच्यापासून काही अंतरावर, धुऱ्यावर, एक वृद्ध गृहस्थ आणि त्यांची बारा वर्षांची नात बसली होती.

त्या वृद्ध गृहस्थांना सारा गाव आबाजी म्हणत असे. तरुणपणी ते लाठी आणि फरीगदका उत्तम खेळत. पुढे गावातील आखाडा बंद पडला, सोबती एकेक करून गेले आणि आबाजींचा गदका घरातील खुंटीवर कायमचा विसावला. नात मात्र शाळेत तलवारबाजी शिकत होती. आबाजींना तिचे मोठे कौतुक वाटे. पण आज तिचे तोंड उतरलेले होते. घरातून निघाल्यापासून ती एक शब्दही बोलली नव्हती. अखेर तिनेच मौन सोडले.

“आबाजी, मी आता तलवारबाजी खेळणार नाही.”

“का बरे, बाई?”

“काल भंडाऱ्याला एकही गुण मला मिळाला नाही. पाचही वेळा तिचाच वार लागला. सगळ्या मुली पाहत होत्या. मी कितीही जलद धावले, तरी ती मला गाठतेच.”

आबाजींनी लगेच उत्तर दिले नाही. त्यांनी बोटाने बगळा दाखविला. “हा कधीपासून उभा आहे?”

“आपण आलो तेव्हापासून.”

“आणखी थोडा वेळ पाहू.”

दोघेही पाहू लागली. बगळ्याने एक पाय अलगद उचलला, पाण्यावर तरंगही न उठविता तो पुढे टाकला आणि पुन्हा तो निश्चल झाला. त्याची मान आत ओढलेली होती. दृष्टी पाण्यावर खिळलेली होती. वाऱ्याने धानाची पाती हलली, बगळा हलला नाही. जवळूनच एक बेडूक उडी मारून गेला. बगळ्याने तिकडे लक्षही दिले नाही, कारण बेडूक त्याच्या टप्प्याबाहेर होता. बराच वेळ असा गेला. मग एकाएकी ती आखडलेली मान सरळ झाली, पाणी किंचित उसळले आणि चोचीत एक इवलासा मासा चमकला.

“मारा किती वेळात झाला?” आबाजींनी विचारले.

“दिसलासुद्धा नाही!”

“आणि उभा किती वेळ होता?”

नात गप्प राहिली. आबाजी म्हणाले, “लोक बगळ्याला ढोंगी म्हणतात. मला तसे वाटत नाही. त्याची चोच जलद आहे हे खरेच. पण नुसत्या जलद चोचीवर त्याचे पोट भरले नसते. आता सांग पाहू, काल ते पाच वार कसे कसे लागले?”

तलवारबाजीचे नियम आबाजींना ठाऊक नव्हते. म्हणून नातीला आधी ते सांगावे लागले. या खेळात तीन प्रकारची शस्त्रे असतात: फॉइल, एपे आणि सेबर. फॉइलने केवळ धडावर टोचावयाचे. एपेने नखशिखान्त कोठेही टोचावयाचे. आणि सेबरने कमरेच्या वर, म्हणजे डोके, धड व हात यांवर, टोचावयाचे किंवा पात्याने वार करावयाचे. नात सेबर खेळत असे. सेबरचे वजन ५०० ग्रॅमपेक्षा अधिक असत नाही. खेळाडूंच्या तोंडावर जाळीचा मजबूत मुखवटा असतो, अंगात जाड अंगरखा असतो, आणि वार लागताच विजेच्या यंत्रावर लाल किंवा हिरवा दिवा लागतो. खेळण्याची पट्टी १४ मीटर लांब असते. मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना प्रत्येकी २ मीटरवर दोघींनी उभे राहावयाचे. पंच फ्रेंच भाषेत आज्ञा देतात आणि शेवटी म्हणतात, “आले!”

“कोण आले?” आबाजींनी विचारले.

इतका वेळ उदास असलेली नात हसली. “कोणी नाही, आबाजी. फ्रेंच भाषेत ‘आले’ म्हणजे ‘चला’!”

“मग ‘आले’ म्हटल्यावर तू काय केलेस?”

“धावले.”

आणि मग ती पाच गुणांची कहाणी बाहेर पडली.

पहिल्या वेळी पंचांचा शब्द संपतो न संपतो तोच तिने धाव घेऊन मस्तकावर वार केला. प्रतिस्पर्धी मुलीने काहीच केले नाही. ती केवळ एक पाऊल मागे सरली. वार हवेतून गेला. हात पूर्ण लांबलेला, अंग पुढे झुकलेले, अशा स्थितीत नात क्षणभर अडकून पडली. आणि त्याच क्षणी प्रतिस्पर्धी मुलीचे पाते तिच्या मुखवट्यावर आदळले.

दुसऱ्या वेळी तिने पुन्हा तसाच वार केला. या खेपेस त्या मुलीने मागे न सरता आपले पाते आडवे धरून तो अडविला आणि तेथूनच उलट वार केला. अडविणे आणि उलट वार करणे ही दोन कामे, पण ती एकाच श्वासात झाली.

तिसऱ्या वेळी दोघींचेही वार लागले, दोन्ही दिवे लागले. पंचांनी गुण मात्र त्या मुलीला दिला. सेबरच्या खेळात दोन्ही दिवे लागले तर हल्ला प्रथम कोणी सुरू केला हे पाहतात. जिने आधी हात पुढे करून हल्ला सुरू केला, हक्क तिचा. तो हल्ला अडविला गेला, की हक्क अडविणारीकडे जातो. दुसरा वार किती उशिरापर्यंत ग्राह्य धरावयाचा, यालाही मर्यादा आहे. सेबरमध्ये पहिल्या वारानंतर सुमारे १७० सहस्रांश सेकंदांच्या आत दुसरा लागला तरच दुसरा दिवा लागतो. २०१६ पर्यंत ही मर्यादा १२० सहस्रांश सेकंदांची होती. पापणी लवण्यास जो वेळ लागतो, साधारण तेवढ्यातला हा प्रकार. आणि तेवढ्यात पंचांना न्याय करावयाचा असतो!

चौथ्या वेळी नातीने मनाशी ठरविले की, आता आपण वार अडवावयाचा. त्या मुलीचे पाते मस्तकाकडे येताना दिसले, म्हणून हिने आपले पाते वर उचलले. परंतु ती हूल होती. मस्तकाकडे निघालेले पाते वाटेतूनच वळले आणि उघड्या पडलेल्या बरगडीवर लागले.

पाचव्या वेळी नात इतकी घाबरली की ती मागे मागेच सरत गेली. पट्टीची मागील सीमारेषा केव्हा आली, हे तिला कळलेसुद्धा नाही. दोन्ही पाय रेषेबाहेर गेले आणि तलवारीचा स्पर्शही न होता पाचवा गुण गेला.

आबाजींनी सारे लक्षपूर्वक ऐकून घेतले. “म्हणजे चार वेळा तू घाई केलीस आणि एकदा उशीर केलास,” ते म्हणाले.

“चार कसे? चौथ्या वेळी तर मी अडविण्यासाठी थांबले होते!”

“थांबली नव्हतीस. वार येण्याआधीच अडवून मोकळी झालीस. अडविण्यातही घाई असते, बाई. घरी चल, दाखवितो.”

घरी आल्यावर आबाजींनी नातीच्या दप्तरातील तीस सेंटिमीटरची मोजपट्टी काढली. ती त्यांनी वरून उभी धरली. खालच्या टोकाशी नातीने अंगठा व तर्जनी न टेकविता उघडी ठेवावयाची आणि पट्टी सुटताच पकडावयाची, असा खेळ ठरला. काही न सांगता आबाजींनी पट्टी सोडली. नातीने ती पकडली, तेव्हा बोटे २० सेंटिमीटरच्या खुणेवर होती. पुन्हा सोडली, २२. पुन्हा सोडली, १९. कितीही डोळे ताणले तरी पट्टी तेवढी निसटतच असे.

मग आबाजी म्हणाले, “आता मी एक, दोन, तीन म्हणेन आणि तीन म्हणताच सोडीन.” या खेपेस नातीने पट्टी ५ सेंटिमीटरवरच पकडली आणि ती आनंदाने ओरडली. “पुन्हा,” आबाजी म्हणाले. “एक, दोन, तीन.” नातीची बोटे मिटली, परंतु पट्टी आबाजींच्या हातातच होती. त्यांनी ती सोडलीच नव्हती. नातीने ओशाळून बोटे उघडली, आणि नेमक्या त्याच क्षणी आबाजींनी पट्टी सोडली. पट्टी खळकन जमिनीवर पडली.

“हीच ती हूल,” आबाजी म्हणाले. “कालच्या मुलीने तुझी बोटे आधी मिटविली आणि मग पट्टी सोडली.”

दुसऱ्या दिवशी नातीने हा प्रयोग शाळेत विज्ञानाच्या गुरुजींना सांगितला. गुरुजींनी फळ्यावर गणित मांडले. वरून सुटलेली वस्तू २० सेंटिमीटर खाली येण्यास सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. म्हणजे डोळ्यांनी पाहावे, मेंदूने जाणावे आणि बोटांनी मिटावे, या सर्वांस मिळून तेवढा वेळ लागतोच. सरावाने तो थोडा कमी होईल. परंतु नाहीसा कधीच होणार नाही. गुरुजी पुढे म्हणाले, “जवळ उभ्या असलेल्या खेळाडूचा वार याहूनही कमी वेळात येऊन पोहोचू शकतो. मग तो पाहून अडविणार कसा?”

वर्गातील कोणालाच उत्तर सुचेना. तेव्हा गुरुजींनी सांगितले, “दूर उभे राहून. अंतर एका पावलाने वाढले, की शत्रूच्या पात्याला अधिक वाट चालावी लागते आणि तुम्हाला अधिक वेळ मिळतो.”

नातीला बगळ्यासमोरून गेलेला तो बेडूक आठवला. टप्प्याबाहेरच्या बेडकाकडे बगळ्याने पाहिलेसुद्धा नव्हते. आणि आपण मात्र प्रतिस्पर्धी टप्प्यात आहे की नाही हे न पाहताच हात लांब केला होता. पहिला गुण का गेला, हे तिला आता समजले.

त्या दिवसापासून संध्याकाळी आबाजींच्या अंगणात नवा अभ्यास सुरू झाला. खुंटीवरचा गदका खाली आला. फरी म्हणजे चामड्याची लहान ढाल आणि गदका म्हणजे चामड्याने मढविलेली छडी. एका हातात फरी आणि दुसऱ्यात गदका घेऊन महाराष्ट्रातील आखाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या हा खेळ चालत आला आहे. तलवार चालविण्याचे शिक्षण याच खेळातून मिळत असे. याच परंपरेतील दांडपट्ट्याचे लांब, लवचीक पाते आणि कोपराकडे हात झाकीत जाणारी त्याची लोखंडी मूठ पाहून आजही मुलांचे डोळे विस्फारतात. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. विदर्भात तर देशी व्यायामाची मोठी परंपरा आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले आणि १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिक महोत्सवाच्या वेळी या मंडळाच्या खेळाडूंनी जर्मनीत जाऊन कबड्डीसारख्या आपल्या खेळांची प्रात्यक्षिके दाखविली.

नातीला प्रथम वाटले होते की, फरीगदका वेगळा आणि आपली तलवारबाजी वेगळी. एके सायंकाळी आबाजींनी तिच्या हातात बांबूची काठी दिली, स्वतः गदका घेतला आणि दोघांनी जाळीचे मुखवटे चढविले; शाळेतून तिने ते मागून आणले होते. मुखवट्यावाचून काठीसुद्धा उचलावयाची नाही, हा क्रीडाशिक्षकांचा नियम आबाजींनाही पाळावा लागला. सत्तरी ओलांडलेल्या आबाजींना धावता येत नव्हते. तरीही नातीचा एकही वार त्यांना लागेना. ती पुढे आली की ते अर्धे पाऊल मागे जात. तिचा वार त्यांच्या छातीसमोरून वीतभर अंतरावरून जाई. आणि तिचा हात मागे येण्याच्या आत गदका हळूच तिच्या मनगटाला स्पर्श करी.

“तुम्हाला माझा वार आधीच कसा कळतो?” तिने विचारले.

“तू वार करण्यापूर्वी खांदा उचलतेस. मी पाते पाहत नाही, खांदा पाहतो.”

पुढे आबाजींनी तिला एक विचित्र नेम घालून दिला. आठ दिवस तिने एकही वार करावयाचा नाही. केवळ अंतर राखावयाचे. आबाजी एक पाऊल पुढे आले तर एक पाऊल मागे. ते मागे गेले तर एक पाऊल पुढे. हा नेम नातीला फार जड गेला. तिसऱ्याच दिवशी तिचा हात शिवशिवू लागला. पण पाचव्या दिवशी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. आबाजी गदका उचलीत तेव्हा त्यांचा उजवा पाय किंचित आधी हलत असे. ती गोष्ट तिला पूर्वी कधीच दिसली नव्हती, कारण पूर्वी ती स्वतःच्या वारात गुंतलेली असे.

शाळेतील क्रीडाशिक्षकही मुलींना सेबरचे डावपेच शिकवीत होते. खऱ्या तलवारी महाग. शाळेपाशी त्या मोजक्याच होत्या, म्हणून सराव बहुधा बांबूच्या काठ्यांवर चाले. त्यावरून कोणी कुरकुर केली की ते सी. ए. भवानी देवी हिची गोष्ट सांगत.

भवानी देवीचा जन्म १९९३ साली चेन्नई येथे झाला. २००४ साली तिच्या शाळेत मुलांना खेळ निवडावयास सांगितले, तेव्हा तिची पाळी येईपर्यंत इतर खेळांच्या जागा भरल्या होत्या. तलवारबाजी तेवढी उरली होती. तिने तीच घेतली. तिलाही प्रारंभी सरावासाठी बांबूची काठीच मिळाली. तलवार केवळ सामन्यासाठी. तिच्या आईने प्रसंगी दागिने गहाण ठेवून तिच्या खेळाचा खर्च भागविला.

“आणि २००७ साली ती पहिल्यांदा परदेशी स्पर्धेला गेली,” क्रीडाशिक्षक सांगत, “तुर्कस्तानात. वय जेमतेम चौदा. आणि काय झाले? सामन्याच्या जागी पोहोचावयास तिला तीन मिनिटे उशीर झाला. पंचांनी काळे कार्ड दाखविले. काळे कार्ड म्हणजे स्पर्धेतून बाहेर. एवढ्या दूर जाऊन न खेळताच परत यावे लागले.”

तीन मिनिटे! ऐकणाऱ्या मुली चुटपुटत. ज्या खेळात सेकंदाच्या शतांशाचा हिशेब होतो, त्या खेळात तीन मिनिटे म्हणजे युगच. परंतु त्या तीन मिनिटांनी भवानी देवीचा खेळ संपला नाही. पुढे केरळातील तलश्शेरी येथील क्रीडाकेंद्रात आणि त्यानंतर इटलीत तिने शिक्षण घेतले. २०१८ साली कॅनबेरा येथे राष्ट्रकुल तलवारबाजी स्पर्धेत तिने सेबरमध्ये सुवर्णपदक मिळविले. आणि २६ जुलै २०२१ रोजी, महामारीमुळे वर्षभर लांबलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये, ती पट्टीवर उभी राहिली. ऑलिंपिकमध्ये तलवारबाजी खेळणारी ती पहिली भारतीय होय.

पहिल्या सामन्यात तिने ट्युनिशियाच्या नादिया बेन अझीझी हिला १५–३ असे हरविले. दुसऱ्या सामन्यात गाठ पडली ती फ्रान्सच्या मानों ब्रुने हिच्याशी. ब्रुने ही जगातील अग्रगण्य खेळाडूंपैकी एक. त्याच ऑलिंपिकमध्ये तिने पुढे कांस्यपदक मिळविले. सेबरच्या सामन्यात एकीचे आठ गुण झाले की मिनिटभर विश्रांती असते. त्या वेळी भवानी देवी २–८ अशी मागे होती. अखेरीस ती ७–१५ अशी हरली. त्यानंतर तिने देशवासीयांची जाहीर क्षमा मागितली.

नातीने ते आकडे वहीत लिहून घेतले होते. त्या रात्री ती त्यांच्याकडे पाहत बसली. मग तिने वजाबाकी केली. विश्रांतीपूर्वी दोन गुण, विश्रांतीनंतर पाच. ब्रुनेचे विश्रांतीपूर्वी आठ, नंतर सात. म्हणजे पहिल्या भागात सहा गुणांचे अंतर पडले होते, दुसऱ्यात केवळ दोनच गुणांचे. हरत असतानाही भवानी देवी पाहत होती, शिकत होती! आणि दोन वर्षांनी, २०२३ साली, चीनमधील वूशी येथे आशियाई स्पर्धेत तिने जपानच्या मिसाकी एमुरा हिला १५–१० असे हरविले. एमुरा ही त्या वेळची विश्वविजेती होती. त्यापुढील उपान्त्य सामना भवानी देवी एका गुणाने, १४–१५ असा, हरली. पण भारताला आशियाई स्पर्धेतील तलवारबाजीचे पदक तिने मिळवून दिले होते.

“तिने हरल्यावर क्षमा का मागितली असेल, आबाजी?” नातीने विचारले.

“तिला वाईट वाटले असेल. हरल्यावर वाईट वाटावेच. पण दुसऱ्या दिवशी ती काठी घेऊन उभी राहिली की नाही, ते सांग.”

उन्हाळा गेला, मृगाचा पाऊस आला. बांध्यांतून पऱ्हे हिरवे दिसू लागले. घरोघरी रोवणीची चर्चा सुरू झाली. नातीच्या घरी पऱ्हे तयार होण्याच्या आधीच मजूर मिळत होते. शेजारी म्हणाले, रोवून मोकळे व्हा. परंतु कोवळे पऱ्हे पाण्यात तग धरीत नाहीत, म्हणून वडील थांबले. पुढे पऱ्हे चांगले वीतभर झाले, चार आठवडे होत आले आणि पावसाने ओढ दिली. आता मात्र आबाजींचा जीव थाऱ्यावर राहिना. कारण जुने झालेले पऱ्हे रोवले तर त्यांना फुटवे कमी येतात. अखेर एके रात्री पाऊस कोसळला. पहाटे चारला सारे घर चिखलात उतरले. त्या दिवशी कोणी जेवणासाठीसुद्धा थांबले नाही. ओणव्याने पऱ्हे रोवता रोवता नातीच्या मनात आले की, थांबावयाचे कधी आणि धावावयाचे कधी, हे आपल्या घरात सर्वांना ठाऊकच आहे. आपणच ते पट्टीवर विसरलो होतो.

भाद्रपदात पुन्हा भंडाऱ्यास जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा आल्या. पहिल्या फेरीत पाच गुणांचे सामने होते. नातीने दोन सामने जिंकले. तिसऱ्या सामन्यासाठी ती पट्टीवर गेली, तेव्हा समोर गतवर्षीचीच मुलगी उभी होती. दोघींनी तलवार उंचावून परस्परांना व पंचांना वंदन केले. ते केल्यावाचून या खेळात सामना सुरू होत नाही आणि संपतही नाही.

“आले!”

ती मुलगी धावली. नातीचे पाय शिवशिवले, पण ती धावली नाही. समोरचा खांदा उचलला गेला. एक पाऊल मागे. पाते मुखवट्यासमोरून वीतभर अंतराने गेले. आणि त्या लांबलेल्या हातावर नातीचे पाते उतरले. तिच्या बाजूचा दिवा लागला. तो एकटाच लागला होता.

दुसरा गुण त्या मुलीचा, तिसराही तिचाच. चौथ्या वेळी मस्तकाकडे पाते आले. ही हूल की खरा वार? नातीची बोटे मिटण्यास उतावीळ झाली होती. तिने पट्टी आठवली, आणि हात जागच्या जागी ठेवून ती अर्धे पाऊल मागे गेली. पाते वळले, बरगडीकडे आले. आता पट्टी खरोखर सुटली होती. नातीने ते अडविले, पात्यावर पाते खणाणले आणि तेथूनच तिने उलट वार केला. गुण २–२ झाले. मग ३–३. मग ४–४.

शेवटच्या गुणाला दोघीही मध्यावर थबकल्या. प्रेक्षक स्तब्ध झाले. त्या मुलीने पाऊल उचलले, नातीला वाटले हाच तो क्षण, आणि तिने हल्ला केला. दोन्ही दिवे लागले. पंचांनी क्षणभर विचार केला आणि हात त्या मुलीच्या बाजूला उचलला. तिचा हल्ला आधी सुरू झाला होता. ४–५.

नातीने मुखवटा काढला, प्रतिस्पर्धी मुलीचा हात हाती घेतला आणि वंदन केले. तिचे डोळे भरून आले होते; पण मान खाली नव्हती.

गावी पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली. आबाजी धुऱ्यावर बसले होते. बांधीत बगळा होता. तो गतवर्षीचाच की दुसरा, कोण सांगणार? नात येऊन शेजारी बसली. आबाजींनी जिंकलीस की हरलीस हे विचारले नाही.

“थांबलीस का?” एवढेच त्यांनी विचारले.

“चार वेळा थांबले. पाचव्या वेळी थांबवले नाही.”

“किती घाई झाली?”

तिने थोडा विचार केला. मग अंगठा आणि तर्जनी यांत बारीकसे अंतर ठेवून ते आबाजींना दाखविले.

आबाजी हसले. “मग उद्यापासून तेवढ्याचाच अभ्यास.”

नातीने मान हलविली. बांधीतील बगळ्याने एक पाय अलगद उचलून पुढे टाकला, आणि तो पुन्हा निश्चल झाला. दोघेही काही न बोलता त्याच्याकडे पाहत राहिली.